भाड्याचं घर, अकरा महिन्यांचा कागद आणि तुमचे प्रश्न

शाळा-कॉलेजं सुरू व्हायच्या आधी नाशिकमध्ये छोटा हत्तीवर कपाट-गाद्या बांधून घरं बदलायचा सीझन असतो आणि नेमका त्याच वेळी या सदराचा इनबॉक्स भरतो. यंदा भाड्याच्या घरांवरचेच प्रश्न जास्त आलेत म्हणून हा सगळा अंक त्यालाच देतोय. नावं काढून टाकलीत, पत्रं थोडी छोटी केलीत. सगळी वाचून एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली, भांडण पैशावरून दिसतं पण अडतं ते कागदावर, एकतर कागद नसतो किंवा असतो तो कुणी वाचलेलाच नसतो.

प्रश्न : आम्ही सिडकोत उत्तमनगरला वन बीएचके घेतला होता, भाडं अकरा हजार, डिपॉझिट चाळीस हजार. एजंटने स्टॅम्पपेपरवर नोटरी करून दिली, म्हणाला अकरा महिन्यांच्या कराराला रजिस्ट्रेशन लागत नाही. आता सोडतोय तर मालक म्हणतात पेंटिंग आणि साफसफाईचे बावीस हजार कापणार, करारात तसं लिहिलंय. आमच्याकडे कॉपीच नव्हती, परवा त्यांनी फोटो पाठवला तो सोबत जोडतेय. एवढे कापता येतात का?

ताई, तुमचा फोटो झूम करून वाचला. पहिल्या पानावर पत्ता उत्तमनगरचा आहे आणि शेवटच्या परिशिष्टात फ्लॅट चक्क पुण्यात कोथरूडला गेलाय, फर्निचरच्या यादीत दोन एसी आणि किचनची चिमणी आहे, आणि तुम्हीच लिहिलंय की घरात एक पंखासुद्धा तुमचा तुम्ही आणला होता. म्हणजे एजंटने कुणाचा तरी जुना करार घेऊन नावं बदलली, बाकी काही बघितलं नाही. हे इतकं कॉमन आहे की मला आता आश्चर्यही वाटत नाही.

आता मुद्द्याचं. अकरा महिन्यांना रजिस्ट्रेशन लागत नाही हे एजंट लोक १९०८ च्या नोंदणी कायद्यावरून सांगतात, त्यात एक वर्षाच्या वरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे म्हणून एक महिना कमी करायची ही जुनी युक्ती. दुसऱ्या राज्यात चालत असेल, आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि त्याच्या कलम ५५ मध्ये स्वच्छ लिहिलंय की घर भाड्याने द्या नाहीतर लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे नुसत्या वापराच्या परवानगीवर द्या, करार लेखी पाहिजे आणि रजिस्टर पाहिजे. अकरा महिने असो की पाच. नोटरीचा लाल शिक्का म्हणजे रजिस्ट्रेशन नव्हे. आणि हे करून घ्यायची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकलीय, नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण शिक्षेपेक्षा त्याच कलमातलं दुसरं वाक्य मालकाला जास्त महागात पडतं : करार रजिस्टर नसेल तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरायचं, उलट सिद्ध करायचं ओझं मालकावर. तर तुम्ही ठामपणे सांगू शकता की पेंटिंग कापायचं असं आपलं ठरलेलंच नव्हतं.

हाच करार रजिस्टर असता तर मात्र माझं उत्तर वेगळं असतं, सही केलेली अट पाळावी लागते. तरीसुद्धा रोजच्या वापराने भिंत मळणं, कॅलेंडरच्या खिळ्याचं भोक, नळाचा वायसर झिजणं ही झीज भाड्यातच आलेली असते, तुमच्या मुलाने दार फोडलं तर ते नुकसान. वन बीएचकेच्या झिजेला दोन महिन्यांचं भाडं हे मला तरी पटत नाही.

काय करायचं : मालकांना आधी मेसेजमध्ये नाही तर नीट पत्राने, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, कळवा की अमुक तारखेला घर सोडतोय, डिपॉझिट चावी देतानाच ट्रान्सफर करा आणि कापायचं असेल तर बिलं दाखवा. सोडायच्या दिवशी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, मीटरच्या रीडिंगचा फोटो, शेवटचं लाइट बिल भरल्याची पावती. चावी आणि पैसे एकाच बैठकीत, "दोन दिवसांनी टाकतो" याला हो म्हणू नका. शेवटचे तीन-चार महिने भाडंच न देता डिपॉझिटमधून वळतं करायचं ही आयडिया सगळे मित्र देतात, मी देत नाही, कारण मग थकबाकीदार तुम्ही ठरता आणि चांगली केस हातची जाते. नाहीच दिले तर वकिलाची नोटीस आणि पुढे दिवाणी कोर्ट, पण बहुतेक मालक नोटिशीत कलम ५५ चा उल्लेख बघितला की फोन करतात.

आणि पुढच्या घराला एवढं करा. रजिस्ट्रेशनला खर्च किती येतो तर स्टॅम्प ड्युटी एकूण रकमेच्या पाव टक्का : अकरा महिन्यांचं भाडं एक लाख एकवीस हजार, त्यात डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज साधारण पावणेचार हजार, म्हणजे ड्युटी येते तीन-चारशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार, ग्रामपंचायत हद्दीत पाचशे. आधार आणि अंगठ्यावर घरबसल्या ऑनलाइन होतं, रजिस्ट्रारच्या ऑफिसला जायचीही गरज नाही. चाळीस हजार दुसऱ्याच्या हातात द्यायचे आणि दीड हजार वाचवायचे, हा हिशोब मला कधीच कळला नाही.

प्रश्न : गंगापूर रोडला राहतो, करार रजिस्टर आहे. भाडं वाढवण्यावरून बोलणं झालं तेव्हा मी म्हटलं कायद्याने चार टक्क्यांच्या वर वाढवता येत नाही, तर मालक हसले, म्हणाले तुम्ही भाडेकरू नाहीच, लायसन्सी आहात. म्हणजे काय?

मालक बरोबर बोलतायत, हसायची गरज नव्हती एवढंच. घर देण्याचे आपल्याकडे मुख्य दोन प्रकार. एक खरी भाडेकरारी, ज्यात घराचा ताबा आणि त्यातला हक्क काही प्रमाणात भाडेकरूकडे जातो. ती १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात येते आणि वर भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण मिळतं. चार टक्के वार्षिक वाढ ही त्यांच्यासाठी. दुसरं लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे घर मालकाचंच, तुम्हाला ठरावीक मुदत वापरायची परवानगी. हे १८८२ च्याच पण वेगळ्या, सुविधाधिकार कायद्यात येतं. नाशिकमधले जवळजवळ सगळे फ्लॅट आज दुसऱ्या प्रकारात आहेत, आणि आपण सगळे बोलताना स्वतःला भाडेकरू म्हणतो.

फरक कुठे लागतो तर भाडेवाढीत, इथे जे करारात लिहिलंय तेच, वर्षाला पाच टक्के लिहिलं असेल तर पाच, दहा असेल तर दहा. मुदतीच्या मध्येच मनाला आलं म्हणून वाढवता येत नाही. मुदत संपल्यावर नवीन करार करताना मात्र ते काहीही मागू शकतात. दुसरा फरक घर विकलं तर. भाडेकरू असेल तर नवीन मालकाला तो भाडेकरूसकट घ्यावा लागतो, लायसन्स नवीन मालकावर बंधनकारक नसतं. तिसरा, आणि सगळ्यात महत्त्वाचा, मुदत संपल्यावर. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४ बघा, राहायच्या घराचं लायसन्स संपलं आणि तुम्ही निघाला नाहीत तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करू शकतो आणि तोपर्यंतची नुकसानभरपाई दुप्पट भाड्याने लागते. तेव्हा करार संपल्यावर "काका काही बोलत नाहीत म्हणजे चालू आहे" असं धरून तीन-चार महिने काढू नका, रिन्यूअल आधीच करा.

नुसतं शीर्षक लिव्ह अँड लायसन्स लिहिलं की झालं असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच असोसिएटेड हॉटेल्सच्या केसमध्ये सांगितलंय, कागदाचं नाव नाही तर आतला व्यवहार आणि दोघांचा हेतू बघायचा. पण आपल्या कलम २४ मध्ये लेखी लायसन्स करारातला मजकूर निर्णायक पुरावा मानलाय, त्यामुळे सही करून नंतर "खरं तर मी भाडेकरू होतो" म्हणणं फार अवघड जातं. सही करायच्या आधी वाचा हो.

प्रश्न : जुन्या नाशकात वाड्यात आजोबांपासून राहतोय, दोन खोल्या, भाडं महिना साठ रुपये. दर पावसाळ्याआधी महापालिकेची नोटीस येते वाडा धोकादायक आहे, रिकामा करा. मालक दुरुस्ती करत नाहीत, दोन वर्षांपासून भाडंही घेत नाहीत. म्हणतात एकदा पडला की तुमचा हक्क संपला. वडील म्हणतात हलायचं नाही.

वडिलांना आधी सांगा की पावसाळ्यात लाकडी तुळईला टेकू लावून झोपणं हा हक्क टिकवायचा मार्ग नाही. वाडे पडतात, माणसं जातात, भद्रकाली-पंचवटीकडच्या लोकांना हे मी सांगायला नको.

पण मालकांचं वाक्यही चूक आहे. इमारत पडली म्हणजे भाडेकरूचा हक्क संपला असं नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हे स्पष्ट केलंय, महापालिकेने इमारत पाडली तरी जमिनीवरची भाडेकरारी टिकते. तुमच्यासारखे लोक १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यापासूनचे, आता १९९९ च्या कायद्याखालचे, खरे भाडेकरू आहेत. मूळ भाडेकरू गेला तरी त्याच्या जाण्याच्या वेळी सोबत राहणाऱ्या घरच्या माणसाकडे भाडेकरारी येते, म्हणून आजोबा, मग वडील. एकापेक्षा जास्त भाऊ असतील तर कुणाच्या नावावर हे आपसात आत्ताच ठरवा, मालकाशी भांडण लढता येतं, भावाभावांचं लढताना घर उरत नाही.

हलायच्या आधी ही कामं. खोल्यांचं मोजमाप करून घ्या, लांबी-रुंदी, माळा, जिन्याखालचा कोनाडा तुमच्या वापरात असेल तर तोही, महापालिकेकडे लेखी अर्ज करा की नोटिशीच्या फाइलमध्ये प्रत्येक भाडेकरूचं नाव आणि क्षेत्रफळ नोंदवा, आणि त्या अर्जाची इनवर्ड शिक्क्याची प्रत जपा. उद्या नवीन बिल्डिंग उभी राहिली की भांडण ह्याच आकड्यावर होतं, आणि तेव्हा वाडा मोजायला शिल्लक नसतो. जुन्या भाडेपावत्या, लाइट बिल, रेशनकार्ड, मतदार यादीतलं नाव, सगळं स्कॅन करा. मालकांना पत्र लिहा की महापालिकेच्या नोटिशीमुळे आणि जिवाच्या धोक्यामुळे तात्पुरतं बाहेर राहतोय, ताबा सोडत नाही. हे पत्र गरजेचं आहे, कारण सहा महिने विनाकारण खोली बंद ठेवली हे ताबा मागायचं एक कारण कायद्यात आहे. नोटीस आणि हे पत्र एकत्र असलं की "विनाकारण" म्हणता येत नाही.

भाडं घेत नाहीत ही जुनी चाल आहे, पुढे थकबाकी दाखवायची असते. मनीऑर्डर करा नाहीतर खात्यात टाका, परत आलं तर परत आल्याची स्लिप जपा. भाडं द्यायला तयार असलेल्या भाडेकरूला थकबाकीवरून काढता येत नाही, आणि दावा टाकायच्या आधी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावं लागतं. दावा लागला तरी समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत पंधरा टक्के व्याजासह थकबाकी भरायची सोय आहे. साठ रुपयांवर दरवर्षी चार टक्के वाढ मालक मागू शकतात, तेवढी द्यायची तयारी दाखवा, काही बिघडत नाही.

दुरुस्तीचं सांगायचं तर कायदा मालकालाच जबाबदार धरतो, पंधरा दिवसांची नोटीस देऊन त्याने केलं नाही तर भाडेकरू स्वतः करून भाड्यातून वळते करू शकतो, पण वर्षाला वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशपर्यंतच. तुमचं वर्षाचं भाडं सातशे वीस, त्याचा पाव हिस्सा एकशे ऐंशी रुपये. त्यात पत्र्याचे हुकसुद्धा धड येणार नाहीत. हा कायदा वाचून वाडामालकांचाही राग मला थोडा समजतो, साठ रुपयांत कोण तुळया बदलेल. म्हणून मालक खलनायक आहेत असं धरून चालू नका. वाड्यातल्या बाकीच्या बिऱ्हाडांना घेऊन एकत्र बसा, पुनर्बांधणीत किती क्षेत्र, किती मुदतीत, तोपर्यंत बाहेरचं भाडं कोण देणार, हे लिहून रजिस्टर करा. पैसे घेऊन सोडायचं असेल तर तेही या कायद्याने उघडपणे करता येतं, पागडी आता चोरीछुपेचा व्यवहार राहिलेली नाही, फक्त चेकने घ्या.

प्रश्न : कॉलेज रोडला पीजीमध्ये राहते, एका खोलीत तिघी. काकू त्याच बंगल्यात खाली राहतात. कागद काहीच नाही. कधीही न सांगता खोलीत येतात, कपाट बघतात. काही बोलता येतं का?

बोलता येतं, पण कायदा तुझ्या फार कामाचा नाही हे आधी सांगतो. मालक स्वतः राहतो त्याच घरातला काही भाग दिला तर त्याला पेइंग गेस्ट म्हणतात आणि भाडे नियंत्रण कायद्याने पेइंग गेस्टला, तसंच हॉस्टेल-लॉजमध्ये राहणाऱ्याला, लायसन्सीच्या व्याख्येतून बाहेर ठेवलंय. फ्लॅट भाड्याने घेतलेल्याकडे मालक आधी कळवून, योग्य वेळी, घर बघायला येऊ शकतो, असं कायद्यात आहे. तीच रीत काकूंना सांग, आम्ही नसताना येऊ नका, यायचं असेल तर मेसेज करा. तिघींनी मिळून सांगा, एकटीने नको. आणि साधा एक पानाचा कागद करून घ्या, भाडं किती, जेवण धरून की नाही, डिपॉझिट किती आणि सोडताना किती दिवस आधी सांगायचं. पैसे यूपीआयने दे आणि नोटमध्ये "जून भाडं" असं लिही, कॅश नको. नाहीच ऐकलं तर, खरं सांगू, दुसरी पीजी बघ.

प्रश्न : इंदिरानगरला माझा फ्लॅट आहे, मी पुण्यात मुलाकडे. रजिस्टर करार मार्चमध्ये संपला, भाडेकरू निघत नाही, भाडंही थांबवलंय. भाऊ म्हणतो लाइट कापून टाक, आपोआप जाईल. शेजारी म्हणतात बारा वर्षं राहिला की घर त्याचं होतं. झोप लागत नाही.

काकू, झोपा. बारा वर्षांची भीती निराधार आहे, तो नियम मालकाच्या विरोधात, उघडपणे आपलं म्हणून बळकावून राहणाऱ्यासाठी आहे, तुमच्या परवानगीने राहणाऱ्याला लागू होत नाही. ह्याच भीतीने मालक दर अकरा महिन्यांनी चांगली कुटुंबं हाकलतात आणि एजंटला दरवेळी नवीन कमिशन देतात. लायसन्स एका वेळी पाच वर्षांपर्यंतचं रजिस्टर करता येतं.

लाइट अजिबात कापू नका, भावाचं ऐकलंत तर केस त्याच्या बाजूला जाईल. तुमचा करार रजिस्टर आहे असं तुम्ही लिहिलंय, मग रस्ता सरळ आहे. वकिलामार्फत लायसन्स संपल्याची आणि घर रिकामं करायची नोटीस, मग कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज. तिथे समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत त्याला लढायची परवानगी मागावी लागते, आणि ती कारणं दाखवून मिळाली तरच. मार्चपासूनचं भाडं दुप्पट दराने मागा. आणि पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिली होती का तेही बघा, नसेल तर पुढच्या वेळी पहिल्याच दिवशी द्या, ऑनलाइन होतं. पोलीस आयुक्तांचा तसा आदेश असताना माहिती दिली नाही तर गुन्हा मालकावर दाखल होतो, भाडेकरूवर नाही.

प्रश्न : अंबड लिंक रोडला खोल्यांच्या लाइनीत राहतो, कंपनीत कामाला आहे. करार तोंडी, भाडं दरमहा रोख, पावती नाही. दोन महिने भाडं लेट झालं तर मालकाने पाण्याचा नळ बंद केला. लहान मुलगी आहे.

दादा, पाणी, लाइट, संडास, जिन्याचा दिवा ह्या गोष्टी मालकाला योग्य कारणाशिवाय तोडता येत नाहीत, भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९. भाडं उशिरा झालं तर दावा लावावा, नळ बंद करणं हा वसुलीचा मार्ग नाही. तोडलं तर कोर्टात अर्ज करता येतो, कोर्ट तातडीने चालू करायचा आदेश देऊ शकतं आणि मालकाला दंडही होऊ शकतो. पण मुलगी तहानलेली असताना कोर्टाचा पत्ता सांगून भागत नाही, म्हणून आजच्या आज : नळाचा आणि व्हॉल्व्हचा फोटो काढ, थकलेल्यातलं जमेल तेवढं भाडं त्याच्या नंबरवर यूपीआयने टाक म्हणजे देतोय हे दिसेल, आणि आजूबाजूच्या दोघातिघांना घेऊन पोलीस चौकीत लेखी तक्रार दे, पोच घे. बऱ्याचदा एवढ्यावर नळ सुटतो.

कागद नाही म्हणून घाबरू नकोस, वर सिडकोच्या ताईंना सांगितलं तेच, कागद नाही ही मालकाची अडचण आहे. पावती देणंही त्याच्यावर सक्तीचं आहे, मागितली तर द्यावीच लागते. सामान बाहेर टाकून कुलूप लावलं तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली ताबा परत मागता येतो, पण सहा महिन्यांच्या आत, त्यानंतर ते दार बंद. लाइटचं सांगतो, वीज कायदा २००३ मध्ये कनेक्शनचा अर्ज मालक किंवा तिथे राहणारा दोघांपैकी कुणीही करू शकतो, तेव्हा मालक सबमीटरवर मनाचा रेट लावत असेल तर महावितरणच्या ऑफिसात विचारून ये.

प्रश्न : पाथर्डी फाट्याला आम्ही चार मित्र, मालक तयार आहेत पण सोसायटीचे चेअरमन म्हणतात बॅचलर चालणार नाहीत.

सोसायटीची परवानगी लागत नाही, मालकाने कळवायचं, कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची, झालं. मालक स्वतः राहत नाही म्हणून त्याच्याकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्ज घेता येतो तोही सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत, २००१ चा शासन निर्णय आहे, आणि तो मालकाने भरायचा, तुमच्याकडून नाही. पण रात्री दोन वाजता गच्चीवर स्पीकर लावलात तर मी चेअरमनच्या बाजूने.

प्रश्न : पंचवटीत तपोवनाजवळ राहतो. तीन वर्षांचा रजिस्टर करार, दीड वर्ष झालं. मालकांना सिंहस्थात खोल्या यात्रेकरूंना द्यायच्यात, म्हणतात दोन महिन्यांत खाली करा. मुलांची शाळा इथेच.

हा प्रश्न अजून वाढणार आहे, २०२६-२७ चा कुंभ जसा जवळ येईल तसा. करार काढा आणि दोन कलमं शोधा, लॉक-इन पिरियड, म्हणजे ज्या मुदतीत करार मोडता येत नाही ती, आणि नोटीस पिरियड. लॉक-इन दोघांवर असेल आणि संपला नसेल तर ते मध्येच काढू शकत नाहीत. बऱ्याच करारांत लॉक-इन फक्त भाडेकरूवर लिहिलेला असतो, ती चलाखी सही करतानाच पकडायची असते. एक महिन्याच्या नोटिशीने कोणीही करार संपवू शकतो असं लिहिलं असेल तर मात्र तुमची बाजू लंगडी आहे, मग वाटाघाट करा : शाळेचं वर्ष संपेपर्यंत मुदत, डिपॉझिट आगाऊ परत, टेम्पोचा खर्च. नोटिशीचं कलमच नसेल आणि तुमची काही चूक नसताना काढलं तर लायसन्सीला नुकसानभरपाई मागता येते, सुविधाधिकार कायद्यात ती तरतूद आहे. हे मालकांना शांतपणे सांगा, कुंभातल्या कमाईतून तुमचा भुर्दंड द्यायला ते बहुतेक तयार होतील.

प्रश्न : मेनरोडला दुकान लिव्ह अँड लायसन्सवर घेतोय, घरासारखेच नियम ना?

नाही. रजिस्ट्रेशन सक्तीचं आहे ते सारखंच, पण कलम २४ चा झटपट मार्ग राहायच्या घरांसाठी आहे, दुकानाचा वाद कोर्टात जातो आणि तिथे वर्षं जातात, म्हणून दुकानमालक डिपॉझिट जास्त मागतात. भाड्यावर जीएसटी लागणार असेल तर तो धरून की वेगळा हे करारात लिहून घ्या. मालक "कंडक्टिंग"चा कागद पुढे करत असेल, म्हणजे धंदा त्याचा आणि तुम्ही फक्त चालवताय असा, तर तो सही करायच्या आधी वकिलाला दाखवा, कारण त्यात तुम्ही भाडेकरूही नसता आणि लायसन्सीही नसता, आणि फर्निचर, दुकानाचं लायसन्स आणि गिऱ्हाईक कुणाचं यावरून नंतर जी ओढाताण होते ती अशा कागदावरूनच होते.